अकरा हजार व्हॉल्व्ह

पाणी खात्यात जमिनीखालच्या व्हॉल्व्हचा नकाशा एकाच कॉम्प्युटरवर होता. नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर तिथेच आणि नोंदींचा डेटाबेसही तिथेच. दोघांच्या भाराने बिचारं यंत्र धापा टाकायचं. शेवटी नकाशा एका सर्व्हरवर आणि नोंदी दुसऱ्यावर, अशी वाटणी ठरली.

नोंदी खात्यातल्या एका मोजणीदाराच्या होत्या. बावीस वर्षं पायी हिंडून, एकेक झाकण उचलून भरलेल्या. ते जाऊन दोन महिने झाले होते. वाटणीचं काम आलं त्यांच्याच लेकीकडे. तीही याच खात्यात. ‘सगळं उतरलं’ अशी तिने सही केली, की जुन्या यंत्रावरचं सगळं पुसून टाकणार होते. तिचा हात धजत नव्हता.

नवा नकाशा उघडला. रस्ते आले, व्हॉल्व्ह एकही नाही.

“झालं! बावीस वर्षं पाण्यात,” वडिलांबरोबर हिंडलेला म्हातारा फिटर म्हणाला.

“काका, जरा चांगलं बोला हो!”

नोंदींचा सर्व्हर नकाशाच्या सर्व्हरला ओळखत नव्हता, म्हणून दारातूनच परत पाठवत होता. तिने ओळख करून दिली. मग एकही नोंद निसटू नये म्हणून सगळ्या नोंदी भरल्या त्याच क्रमाने मागवल्या.

एक ठिपका उमटला. शेजारी दुसरा. मग तिसरा. आजवर तिने हे ठिपके डब्यातून सांडल्यासारखे एकदमच पाहिले होते. आता ते गल्लीच्या एका कडेने जात होते, कोपऱ्यावर वळून दुसऱ्या कडेने परतत होते. कुणीतरी चालत होतं.

“आता रस्ता ओलांडतील बघ,” फिटर हळूच म्हणाला. “तिथं कुत्रं होतं.”

ठिपके मुकाट पलीकडे गेले.

“बाबा कुत्र्याला भ्यायचे?”

“भ्यायचे? माझ्यामागे लपायचे, पोरी!”

तिला हसू आलं, आणि अंगावर काटाही. गल्लीमागून गल्ली, शहर भरत गेलं. खोलीतल्या कुणालाच उठवेना. दुपारी शेवटचा ठिपका इस्पितळाच्या फाटकाबाहेर उमटला. तपासणीला जाताजाताही ते झाकणापाशी वाकले होते तर!

जुन्या यंत्रावरच्या नोंदींशी आकडा तंतोतंत जुळला. तिने कागद पुढे ओढला, सही केली. आडनाव त्यांचंच होतं. ते तिने सावकाश लिहिलं.