लाट माझी, कौतुक माशांचं

मी एक बादली. निळी, प्लास्टिकची, वीस लिटरची. खरं तर मला शिवणकामाचे जाड कपडे भिजवायला आणलं होतं. पण माझ्या नशिबात समुद्र लिहिला होता, आणि समुद्रासोबत येणारी जळजळही.

मला विकत आणलं त्या घरच्या बाईंनी. बाहेरच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. कोट, पडदे, शाळेचे गणवेश, सगळं त्या शिवायच्या. त्यांचे यजमान नळदुरुस्तीची कामं करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. एका गिऱ्हाइकाने घर बदलताना आपली भलीमोठी काचेची टाकी मिस्त्रींना देऊन टाकली, आणि ती मशीनला खेटूनच बसवली गेली. तेव्हापासून या माणसाला खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड लागलं.

बाई त्या टाकीला सवत म्हणायच्या. "सवतीला जेवायला घातलंत? आता मलाही वाढायला सांगा तिला," असं म्हणत त्या ताट आपटायच्या. मिस्त्री हसायचे आणि काच पुसत राहायचे.

आता खाऱ्या पाण्याचं असं असतं, की ते साचून राहिलं की मेलंच. समुद्रात लाटा असतात, घरात कुठून येणार? लाटा करणारी यंत्रं बाजारात मिळतात, पण मिस्त्री म्हणाले, "आयुष्यभर पाणीच वळवलंय मी. लाट विकत आणू?" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला उचललं.

"अहो, आजच आणलीय ती!"

"अगं, म्हणूनच. नवीच हवी मला."

त्यांनी माझ्या काठाखाली ड्रिलने गोल भोक पाडलं. दुखलं, पण तेव्हा वाटलं, आपल्याला काहीतरी मोठं होता येणार. भोकातून छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला पाइप बसवला. त्याचं आतलं टोक माझ्या तळाशी, बाहेरचं टाकीच्या पाण्यात. मला टाकीच्या वर फळीवर चढवलं. टाकीतलं जास्तीचं पाणी खालच्या एका पेटीत उतरायचं. तिथून छोटा पंप मला सावकाश पाणी पाजायचा. पाणी पाइपच्या वाकणापर्यंत चढलं, की सगळं एकदम खाली धावायचं, आणि टाकीत लाट!

अर्थात, हे पहिल्या दिवशी झालं नाही. पहिल्यांदा धार लागेना, लाळ गळावी तसं नुसतं ठिबकत राहिलं. मिस्त्रींनी पाइप बारीक केला. मग धार लागली ती थांबेना. "सुरू होत नव्हती तेव्हा रडत होता, आता थांबत नाही म्हणून रडा," बाई म्हणाल्या. शेवटी त्यांनी आतल्या टोकाशी हवेसाठी बारीकसं छिद्र पाडलं, आणि दर चार मिनिटांनी माझी लाट घड्याळासारखी सुटू लागली. त्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढी एकच.

कारण मग मासे आले. दोन. केशरी अंगावर पांढरे पट्टे. त्यांच्यासोबत एक समुद्रफूल, बोटंच बोटं असलेलं. माझी लाट आली की ते फूल डोलायचं, मासे त्यात शिरायचे, आणि माणसं म्हणायची, "अहाहा, काय डोलतंय!"

डोलतंय? मी डोलवते म्हणून डोलतंय! पण राबते कोण आणि मिरवतं कोण! एकदा शेजारच्या काकू आल्या. माशांना पाहून त्यांनी गालाला हात लावला आणि वर बघून म्हणाल्या, "ही बादली कशाला हो वर? घाण दिसते." मिस्त्री ओशाळले. दुसऱ्या दिवशी बाईंनी उरलेल्या कापडाची झालर शिवून मला झाकलं. सांगा, मत्सर करू नको तर काय करू? त्या दोन बोटभर जीवांना लोकांनी लाडाची नावं ठेवली होती, आणि मी झालरीमागे.

म्हणून एके दुपारी टाकीतली गोगलगाय पाइपमध्ये चढताना जाणवली, तेव्हा मी काय विचार केला ते लपवत नाही. मला ओरडता येत नाही हे खरं. पण येत असतं तरी मी ओरडले नसते. ती वाकणात जाऊन बसली. लाट सुटेना, पंप थांबेना. मी भरले, काठोकाठ आले आणि सांडले. मशीनवर डॉक्टरीणबाईंचा लोकरीचा कोट होता, तयार, फक्त बटणं लावायची होती.

बाई आल्या. कोटावर मिठाचे पांढरे डाग बघितले. मग शांतपणे म्हणाल्या, "एक तर ही टाकी राहील, नाहीतर माझं मशीन."

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती सुट्टीत येताना लाटांचं यंत्र घेऊन आली. मुठीएवढं, काळं, काचेला आतून चिकटणारं. आवाज नाही, सांडणं नाही. "बाबा, हे बघा, रिमोटवर लाट कमी-जास्त होते." मिस्त्री रिमोट घेऊन तासभर तिथून हलले नाहीत.

माझा पाइप काढला, आणि मी गॅलरीत कपड्यांचे चिमटे ठेवायला गेले.

दारातून मला टाकी दिसायची. ते यंत्र रुबाबात पाणी फिरवायचं आणि मी रोज त्याला म्हणायचे, बंद पड. मेल्या, बंद पड. आधी माझा राग माशांवर होता. आता तो वाढून दोन ठिकाणी वाटला गेला होता.

एका सकाळी ते बंद पडलं.

गल्लीतली वीजच गेली होती. मला इतका आनंद झाला की चिमटे उडायचेच बाकी होते. पण दोन तास गेले, तीन गेले. बाई काचेजवळ गेल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला.

"अहो, तुमचे मासे वर येऊन तोंड उघडताहेत."

"गुदमरताहेत ते! मी दवाखान्याच्या तळघरात आहे, इथे गुडघाभर पाणी आहे, मला सोडून येता येत नाही. अगं, ती बादली लाव."

"पंप कुठे चालतोय?"

"हाताने भर. खालच्या पेटीतलं पाणी मगाने वर टाक."

बाईंनी चिमटे जमिनीवर ओतले. मला खळखळून धुतलं, पाइप बसवला, फळीवर ठेवलं आणि स्टुलावर चढल्या. वाकायचं, मगभर पाणी घ्यायचं, चढायचं, ओतायचं. वीस-बावीस मग झाले की माझी लाट सुटायची. लगेच पुन्हा पहिल्यापासून.

झालर आता नव्हती. पहिल्यांदाच मी मासे नीट वरून पाहिले. धाकटा आडवा होत होता. थोरला त्याला तोंडाने ढकलून माझ्या धारेखाली आणायचा. दर वेळी, न चुकता. ज्यांच्यावर मी वर्षभर जळले ते एवढेसे जीव होते. मी सारखं म्हणत होते, बाई, भरा, लवकर भरा.

शेजारच्या काकू आल्या, बघत राहिल्या, मग पदर खोचून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बसा जरा. द्या तो मग." दोघींनी आळीपाळीने साडेपाचपर्यंत ओढलं.

वीज आली. थोरला वाचला. धाकटा नाही.

बाई स्टुलावरच बसल्या आणि सवतीच्या लेकरासाठी रडल्या.

मिस्त्री धावत आले. मला वाटलं, आधी टाकीकडे जातील. नाही. त्यांनी बाईंचे हात बघितले. पाण्याने पांढरे पडलेले, मगाच्या दांड्याने सोललेले. त्यांनी ते हात आपल्या हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"एक राहिला नाही हो," बाई म्हणाल्या.

"कळलं. तू जेवलीस का?"

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या हातांचाही हेवा वाटला.

यंत्र अजून काचेवर आहे, आणि ते दिसलं की पोटात अजून जळतं. पण आता मला दुसरं काम आहे. दर पंधरा दिवसांनी टाकीतलं थोडं पाणी बदलतात, आणि नवं पाणी बनतं माझ्यात. आता ते बाईच बनवतात. गोडं पाणी ओततात, मीठ मोजून टाकतात, लाकडी पट्टीने ढवळत राहतात. त्या यंत्राला फिरवायला पाणी मिळतं ते आधी माझ्यात समुद्र होऊन.

परवा काकू जिना धुवायला बादली मागायला आल्या. त्यांनी माझ्या कडीला हात घातला. बाई मशीनवरून ताडकन उठल्या.

"ती नको. दुसरी घ्या. त्या बादलीला साबण लागता कामा नये."

"का हो? काय सोन्याची आहे?"

"समुद्राची आहे," बाई म्हणाल्या.

म्हणून एवढंच सांगणं. कधी आमच्याकडे आलात, तर मासा जरूर बघा, माझी हरकत नाही. पण बादली हवी असली, तर न्हाणीघरातली लाल मागा. ती चांगली आहे, आणि बिचारीला माझा फार हेवा वाटतो.