डाव्या हाताने दिलेला कागद

“डावा हात! सगळ्या देशासमोर डावा हात पुढे केला त्याने, मावशी, आणि तू मला म्हणतेस केंकी खा!”

अशिते ओरडत होता आणि त्याच्या तोंडातले केंकीचे कण माझ्या ब्लाउजवर उडत होते. सकाळचे साडेसात वाजले होते. त्याची आई ओकाइली मोठ्या पातेल्यातून मक्याच्या सालीत गुंडाळलेले आंबवलेल्या पिठाचे गरम गोळे, म्हणजे केंकी, काढत होती, पण गिऱ्हाइकांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. सगळे माना वाकड्या करून अशितेच्या फोनमध्ये बघत होते. फोनवर दोन चित्रं शेजारी शेजारी. एकीकडे टीव्हीवर निवडणुकीच्या मुलाखती घेणारे आमचे एबो क्वान्सा साहेब सत्तेतल्या कंदील पक्षाच्या बोआहेनना उजव्या हाताने कागद देतायत. दुसरीकडे तेच साहेब, तेच टेबल, समोर विरोधातल्या होडी पक्षाचे डॉक्टर लार्टे, आणि कागद धरलेला हात डावा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘किती घेतले, क्वान्सा?’

आता आम्ही ममप्रोबी वस्तीतली माणसं डाव्या हाताने कोंबडीलाही दाणे टाकत नाही. लहानपणी मी पाण्याचा पेला डाव्या हाताने दिला म्हणून माझ्या आईने दोन दिवस बोलणं टाकलं होतं. त्यामुळे अशितेला मी काय सांगणार? मी आपली माशाच्या तुकडीतले काटे काढत बसले, जणू आयुष्यात दुसरं कामच नाही.

“तू तिथेच होतीस ना?” अशिते माझ्यासमोर उकिडवा बसला. एवढा मोठा धिप्पाड माणूस, बंदरावर पोती उचलून खांदे रेड्यासारखे झालेले. आता वॉर्डातल्या होडीवाल्यांचा म्होरक्या. मी त्याला नागडा फिरताना पाहिलाय, पण त्या सकाळी त्याचे डोळे बघून मला ते आठवायची सोय नव्हती.

“अरे बाबा, मी पावडर लावणारी बाई. तोंडं पुसते. तिकडे कोण काय बोलतं ते मला काय कळतंय?”

“कळतं तुला सगळं. पक्षाच्या रेडिओवर येऊन सांग. कंदीलवाल्यांनी त्याला विकत घेतलाय म्हणून सांग.”

“आणि घेतलं नसेल तर?”

“मग उजवा हात काय भाड्याने दिला होता त्याने?”

सगळे हसले. मीही हसले. पण हातातली केंकी खाली ठेवली.

कारण तो उजवा हात कुठे होता ते मला माहीत होतं. टेबलाखाली होता, आणि पिंपळपानासारखा थरथरत होता.

दोन वर्षं झाली होती त्याला. पहिल्यांदा मीच पाहिलं. मी त्यांच्या मानेला पावडर लावत होते आणि मांडीवरचा पेपर आपोआप फडफडायला लागला. साहेब त्याच्याकडे असे बघत राहिले जसा काही तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांची डबी माझ्या पेटीत असायची, क्रीमच्या रिकाम्या बाटलीत. तीन वाजता एक गोळी. पाऊण तासाने हात जागेवर यायचा आणि पाच वाजेपर्यंत शहाण्यासारखा राहायचा. मुलाखत बरोबर चारला सुरू व्हायची. त्यांच्या बायकोला, डॉक्टरला आणि मला, तिघांनाच माहीत. “चौथं माणूस नको, अक्वेले,” म्हणाले होते. मी माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ घेतली.

मंगळवारी बोआहेन वेळेवर आले. साहेबांनी त्यांना इस्पितळाच्या यंत्रांवरून असं काही सोललं की मेकअप काढताना त्यांची सगळी कॉलर ओली होती. कुणाच्या बापाची भीड ठेवायची नाही, हा साहेबांचा स्वभावच.

गुरुवारी डॉक्टर लार्टे यायचे होते. चार वाजले, लार्टे नाहीत. साडेचार झाले. ते आपल्या गाड्यांचा ताफा घेऊन बाजारातून लोकांना हात करत करत येत होते. साहेब माझ्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. “अजून एक घेऊ का?” मी म्हटलं, “डॉक्टर काय बोललेत? दुसरी लगेच घेतली तर चक्कर येते.” सव्वापाचला लार्टे आले, हसत, सगळ्यांशी हात मिळवत. साहेबांनी तेव्हा कसंबसं निभावलं. पण मुलाखतीच्या मध्यावर मला कॅमेऱ्यामागून दिसलं, त्यांचा उजवा खांदा खाली गेला आणि हात टेबलाखाली. त्याच वेळी कागद द्यायची वेळ आली.

मासेमारी बंदरातल्या शीतगृहाचा कागद होता तो. लार्टे मंत्री असताना त्यांनी सही केली होती की शीतगृह बांधून पूर्ण झालं. बंदरावर जाऊन बघा, एक भिंत आहे, तिच्यावर शेळ्या चढतात. साहेबांनी तो कागद पुढे केला. डाव्या हाताने. लार्टेंनी कागदाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. मग हळूच कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, “माझ्या आईवडिलांनी मला असा कागद घ्यायला शिकवलं नाही.”

बस. तिथेच सगळं संपलं. सहीबद्दल त्यांना परत कुणी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी मी केंकी अर्धवट टाकून कामावर गेले तर टीव्ही केंद्राच्या फाटकाशी होडीवाल्यांचे दीडदोनशे जण जमलेले. सगळ्यांनी डावे हात वर केलेले आणि साहेबांच्या नावाने बोंबलत होते. मी पर्स छातीशी धरून जीव मुठीत घेऊन आत शिरले. आत साहेबांच्या गाडीची पुढची काच फुटलेली. साहेब माझ्या खोलीत आरशासमोर बसले होते. दिवे लावले नव्हते.

“सांगून टाका हो,” मी दार लावून घेत म्हटलं. “आजारी आहे म्हणा. लोक समजून घेतात.”

“तेच तर.” ते आरशातूनच माझ्याशी बोलत होते. “एकदा समजून घेतलं की संपलं, अक्वेले. मग मी विचारलेल्या प्रश्नाला कोण उत्तर देईल? बिचारा आजारी माणूस म्हणून हसून पाठ थोपटतील. शिव्या द्या म्हणावं मला. शिव्या देतात तोवर घाबरतात तरी.”

“आणि मारलं तर?”

“तर मारलं.”

“तुमचं काय जातंय बोलायला! मला घरी जायचंय त्याच गल्लीत.”

मी असं बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. पण भीती ही भीतीच असते, तिला लाज कुठली? त्या रात्री मला झोप लागली नाही. गल्लीतून घरी येताना मागून पाऊल वाजलं की मी वळून बघत होते. ओकाइली संध्याकाळी माझ्याशी धड बोलली नव्हती. कुणीतरी माझ्या दाराला कोळशाने डावा पंजा काढून ठेवला होता. मी तो ओल्या फडक्याने पुसला तर आणखीच पसरला.

शनिवारी दुपारी अशिते आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

“मावशी, रेडिओचं काय ठरवलंस?”

“मला बोलता येत नाही रे रेडिओवर. ततपप होतं.”

“बरं.” तो जरा थांबला. “तो तुझा साहेब रविवारी चर्चला जातो ना? बायकोबरोबर. नवाच्या प्रार्थनेला. पुलाकडून चालत.”

“तुला कशाला पाहिजे ते?”

“मला नको. पोरांना पाहिजे. पोरं आता माझंही ऐकत नाहीत. मी फक्त तुला सांगतोय, उद्या तू त्या बाजूला फिरकू नकोस.”

तो हे किती साध्या आवाजात बोलला! जसं काही उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेव. आणि मला खरं सांगायचं तर तो धमकावत नव्हता. त्याला माझी काळजी होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मला साहेब दिसले, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, बायकोला पुलाच्या आतल्या बाजूला घेऊन चालताना. मला शपथ आठवली, नवरा आठवला. नवऱ्याला मनात म्हटलं, तू मेलायस, तुला आता काही होत नाही.

“अशिते, त्यांचा उजवा हात चालत नाही.”

“काय?”

“आजार आहे. थरथरतो. गोळी घेतली की थांबतो. तुमचे डॉक्टर सव्वा तास उशिरा आले, गोळी उतरली. म्हणून डावा हात. दुसरं काही नाही. देवाशपथ काही नाही.”

“तू त्याला वाचवायला म्हणून हे सांगतेयस.”

“हो! वाचवायलाच सांगतेय! पण खरं सांगतेय.” आणि मी माझा उजवा हात वर करून त्याला दाखवलं, कसा अंगठा आधी हलतो, मग बोटं, मग मनगट, आणि माणूस कसा तो दुसऱ्या हाताने दाबून धरतो. दाखवता दाखवता मला रडूच फुटलं, आणि मग माझा हात थांबेचना. अशिते म्हणाला, “आईला बोलावू का?” मी नको म्हणून मान हलवली. तो फोन काढत गल्लीच्या टोकाशी गेला.

रविवारी साहेबांच्या वाटेला कुणी गेलं नाही. पुलावर चिटपाखरू नव्हतं.

सकाळी आठच्या बातम्यांतच पक्षाच्या रेडिओवर डॉक्टर लार्टे स्वतः बोलले. आवाज एवढा मऊ की लोणी काय! म्हणाले, आमचे बंधू एबो क्वान्सा दीर्घ आजाराशी झुंजत आहेत हे आम्हाला कालच समजलं. आजारी माणसावर होडी पक्षाचा राग नाही. आम्ही त्यांना मनापासून क्षमा केली आहे. सर्वांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. ओकाइलीने केंकी देता देता डोळे पुसले आणि मला म्हणाली, “किती मोठ्या मनाचा माणूस बघ.” तिच्या टोपलीतल्या माशांवर माश्या बसल्या होत्या. बंदरात बर्फ नव्हता. शीतगृहाचं तिच्या डोक्यातही आलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

नंतर कळलं, चर्चमध्ये पाद्रीबाबांनी साहेबांना पुढे बोलावलं. शंभरेक माणसांनी त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, त्या हातावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली. ते म्हणे डोळे उघडे ठेवून उभे होते.

सोमवारी शेवटची मुलाखत होती, तिसऱ्या पक्षाच्या बाईंची. वरून निरोप आला की क्वान्सा साहेबांनी आता विश्रांती घ्यावी, प्रेक्षकांचीही तशीच इच्छा आहे. त्यांच्या खुर्चीवर एक देखणा तरुण बसणार होता. मी त्याची पावडर काढून ठेवत होते तेव्हा साहेब आले. त्यांचे दोन कोट माझ्या खोलीत टांगलेले होते. ते एकेक काढून बॅगेत ठेवायला लागले. उजवा हात उघडपणे थरथरत होता, लपवायचं कारणच उरलं नव्हतं. कोटाची घडी काही होईना. मी पुढे झाले तर म्हणाले, “राहू दे.”

मी तिथेच उभी राहिले. मग बोलून टाकलं, “साहेब, मी सांगितलं. अशितेला. मीच.”

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला पुलावर गाठणार होते ते. तुमच्या बायकोसकट. मी काय करणार होते, सांगा ना. मला भीती वाटली.”

“वाटणारच.” त्यांनी बॅगेची चेन लावायचा प्रयत्न केला, तीनदा सुटली, चौथ्यांदा लागली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. “त्या कागदाबद्दल विचारलं का गं कुणी? तुमच्या गल्लीत?”

“नाही.”

“ओकाइलीने?”

“नाही, साहेब.”

त्यांनी मान डोलावली आणि बॅग उचलली. मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले, निरोप द्यायला म्हणा किंवा नुसतीच.

फाटकाबाहेर माणसं होतीच. होडीचे तेच निळे टीशर्ट. पण साहेब दिसताच ओरडणारे गप्प झाले आणि दोन्ही बाजूंना सरकले. एका बाईने तोंडावर हात नेला. सगळ्यांची नजर त्यांच्या उजव्या हातावर होती. एकोणीस वर्षं या माणसाच्या नजरेला कुणी नजर देत नव्हतं, आणि आता कुणाला त्याच्या तोंडाकडे बघायची गरजच नव्हती.

अशिते पुढे आला. डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, साहेबांच्या हातातली बॅग काढून घेतली. साहेबांनी ती क्षणभर धरून ठेवली, मग सोडली.

“सावकाश, पापा,” अशिते म्हणाला. “इथे पायरी आहे.”

त्या पायरीवरून ते रोज दाणदाण उतरत असत, मागे न बघता, अर्धं वाक्य बोलत बोलत. आज त्यांनी खाली पाहिलं, अशितेच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश उतरले.