सगळ्यांच्या अंगात गेलेला कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर रागावलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. आज माझ्याकडून ते जमणार नाही.

एका म्हाताऱ्या शिंप्याने मला बँकेतल्या एका साहेबांसाठी शिवलं. काळं कापड, रेशमी अस्तर, हाताने केलेली काजं. साहेब निवृत्त झाले, जाड झाले आणि त्यांनी मला एका फोटो स्टुडिओला देऊन टाकलं. तिथल्या फोटोवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी कात्री घेऊन माझी पाठ वरपासून खालपर्यंत फाडली. का, तर मी कुणालाही बसावं म्हणून. बारीक माणूस आला की मागून चिमटे लावायचे, जाडा आला की उघडंच सोडायचं. समोरून साहेब, मागून लक्तरं. एकदा दिव्याजवळ टांगल्यामुळे माझी डावी कॉलर भाजली. काका म्हणाले, "फोटोत कोण बघतंय?"

तरी वीस वर्षं मी राबलो. भाजीवाले, मास्तर, ड्रायव्हर, सगळे माझ्यात शिरले आणि आरशात बघून खूश झाले. कौतुक त्यांचं व्हायचं, पण फुशारून जायचो मी. खोटं कशाला बोलू?

मग वरच्या मजल्यावर एका व्हिसा एजंटाने ऑफिस थाटलं. तो आपलं प्रत्येक गिऱ्हाईक फोटोसाठी खाली धाडू लागला, आणि वर काय काय घडलं ते गिऱ्हाइकं माझ्यासमोरच बोलायची.

परदेशात क्रेन चालवणारा एक तरुण बारा दिवसांच्या रजेवर आला होता. शेजारच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. दोघांना एकत्र राहायचं होतं, बाकी काही नको होतं. त्यासाठी रस्ते दोन. लग्न ठरलंय असं सिद्ध करून मुलीने तिकडे जायचं आणि तिथे लग्न करायचं, नाहीतर आधी इथे लग्नाची नोंदणी करून मग बायको म्हणून अर्ज करायचा.

"आधी नोंदणीच करा गं," मुलीची आत्या म्हणाली. "कागद पक्का होतो."

"आत्याबाई, नोंदणीला महिनाभर आधी नोटीस लागते. तोवर याची रजा संपली," एजंट म्हणाला. "ठरलेल्या लग्नावर सहा महिन्यांत पाठवतो."

सहा महिने ऐकून दोघांचे चेहरे उजळले.

एकत्र असलेले फोटो हवे होते. ते मुलीच्या फोनमध्ये होते. एकात तर त्याने दुकानातले तीन चष्मे एकावर एक चढवले होते आणि ती हसून हसून वाकली होती. एजंटाने नाक मुरडलं. "हा पोरखेळ नाही चालत. खाली जा, नीट फोटो काढून आणा."

"माझा शर्ट बराय की," खाली आल्यावर क्रेनवाला म्हणाला.

"राहू द्या ना काका, असाच छान दिसतो," मुलगी म्हणाली.

"मला शिकवू नका," म्हणत काकांनी मला त्याच्या अंगावर चढवलं आणि चिमटे लावले. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून दोघं संकोचून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

सात महिन्यांनी वकिलातीचं पत्र आलं. अर्ज नामंजूर. एकाच वर्षात याच एजंटाच्या चौदा अर्जांत वेगवेगळ्या पुरुषांच्या अंगावर हाच कोट, कॉलरवर हाच डाग. सबब हे नातं बनावट असल्याचा संशय आहे.

ते पत्र मुलीने आमच्या दुकानात उभ्यानेच वाचून दाखवलं. ‘बनावट’ हा शब्द तिने दोनदा वाचला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, मस्तकही नाही, तरीही गेली.

"माझं काय चुकलं? फोटो तर झकास आला होता," काका म्हणाले. आणि वरून खाली आलेला एजंट काय म्हणाला असेल? "परत तोच अर्ज टाकू. काका, या वेळी निळा कोट घ्या."

मुलीने तिथूनच क्रेनवाल्याला फोन लावला. "परत तो अर्ज नको. तू दीड महिन्याची रजा काढून ये, आपण नोंदणी करू. मी बायको म्हणूनच अर्ज करीन. आणि फोटो माझे मी लावीन."

"एवढी रजा आता पुढच्या वर्षी मिळेल गं."

"मग पुढच्या वर्षी," ती म्हणाली. बोलताना तिने माझी बाही मुठीत गच्च धरली होती. बाही चुरगळली, आणि बरंच झालं.

ती गेली आणि अर्ध्या तासात काकांनी मला पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवलं. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मी म्हणतो, मला जपू नका. जसे आहात तसे दिसा, आणि कुणी मला तुमच्या अंगावर चढवू लागला तर तो कितीही वडीलधारा असो, ठणकावून नाही म्हणा. त्या दोघांना त्या दिवशी फक्त संकोच वाटला होता. त्यापायी ती अजून इकडे आहे आणि तो तिकडे.