दोन रेझी

झावेर ओबरहोल्त्सर लेकीच्या ऑफिसात शिरला तो काखेत लॅपटॉप, हातात ब्रेत्सेलची, म्हणजे खारट वेटोळ्या पावांची पिशवी आणि चेहऱ्यावर ‘तरी मी सांगत होतो’ असा भाव घेऊनच.

“बुर्गल, तुझा नवा कंपायलर आजारी आहे. माझा प्रोग्रॅम त्याच्या घशाखाली उतरत नाही.”

बुर्गलने खुर्ची पुढे केली. कारखान्यातल्या यंत्रांसाठी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल असा करून द्यायचा, हे त्या कंपायलरचं काम. प्रोग्रॅममधलं प्रत्येक नाव कुठे जाहीर केलंय ते शोधणारा त्याचा भाग बुर्गलने वर्षभर खपून नव्याने लिहिला होता. तो अख्ख्या आल्गॉय प्रांतात चालला असता तरी तिचं समाधान होणार नव्हतं. तिला तो बापाच्या चीजच्या कढईवर चालायला हवा होता. आणि बाप असा, की त्याने कुरकुर केली नाही म्हणजेच कौतुक झालं असं घरच्यांनी समजून घ्यायचं.

“काय म्हणतोय तो?” तिने विचारलं.

“म्हणतोय, रेझी कुठे जाहीर केली? अगं, रेझी मला ठाऊक, गावाला ठाऊक, फक्त तुझ्या ह्या शहाण्यालाच ठाऊक नाही!”

रेझी ही खरं तर गाय; प्रोग्रॅममध्ये मात्र मोठ्या कढईचं तापमान. झावेरने कढईच्या तापमानापासून पंपापर्यंत सगळ्यांना गोठ्यातल्या गायींची नावं दिली होती. लक्षात राहतात म्हणे.

“बाबा, नाव आधी त्या त्या भागातच शोधायचं असतं. मोठ्या कढईच्या भागात तुम्ही रेझी कुठेच जाहीर केली नाहीत. बाहेरची वापरायची तर तसं आत लिहावं लागतं. नाही लिहिलं की माझा कंपायलर अडून बसतो.”

“जुना नाही कधी अडला. मुकाट बाहेर जायचा, शोधून आणायचा. हा तुझ्यावर गेलाय. काही सांगितलं की आधी उलटा प्रश्न.”

पलीकडच्या टेबलावर कुणाला तरी खोकला आला. बुर्गलने तिकडे दुर्लक्ष करून प्रोग्रॅम उघडला. बाहेर एक सोडून दोन रेझी होत्या.

“ही दुसरी कोण?”

“ती लहान कढईची. थोरली रेझी गेली, तिच्या कालवडीला तेच नाव ठेवलं. नेमकी तेव्हाच लहान कढई आली. मग तिच्या तापमानालाही दिलं तेच.”

बुर्गलच्या हातातलं ब्रेत्सेल तोंडापाशीच थांबलं. जुना कंपायलर बाहेर जाऊन आधी जी रेझी दिसेल ती धरून आणायचा, आणि वर लिहिलेली होती धाकटी. म्हणजे लहान कढई आल्यापासून मोठी कढईसुद्धा तिच्याच कमी तापमानावर थांबत होती. आणि बाप रोज सकाळी कढईत कोपर बुडवून, “यंत्राला कोपर नसतं,” असं म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह हाताने थोडा उघडत होता. त्या कोपराच्या जिवावर त्याने गावभर मिशांना पीळ भरला होता.

गप्प बसावं, तर दुरुस्त प्रोग्रॅमवरही तो सवयीने व्हॉल्व्ह उघडणार आणि कढईभर चीज वाया जाणार. सांगावं, तर कोपराची अब्रू जाणार. बुर्गलला हसू आलं आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं. शेवटी तिने सांगून टाकलं.

झावेरने पडद्यावरच्या दोन्ही रेझींवर एकेकदा बोट टेकवलं.

“म्हणजे कोपर बरोबर होतं?”

“कोपर बरोबरच होतं बाबा. रेझी चुकीची होती.”

“मग आधी तसं म्हणायचं ना,” तो म्हणाला. पण ब्रेत्सेलचा मोडलेला तुकडा त्याने तसाच पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुर्गल मोठ्या कढईपाशी उभी होती. त्या कढईच्या रेझीला आता वेगळं नाव मिळालं होतं आणि ती आत रीतसर जाहीर झाली होती. तापमानाचा काटा चढत चढत हव्या त्या जागी आला आणि थांबला. झावेरने बाही सारून कोपर बुडवलं, डोळे मिटले. दुसरा हात आपोआप व्हॉल्व्हकडे गेला. बुर्गलने तो धरला.

“सोड. कळतं मला.”

तिने सोडला. हात पुन्हा व्हॉल्व्हकडे गेला. तिने पुन्हा धरला.

ह्या वेळी त्याने सोडवून घेतला नाही. कुरकुरलाही नाही.

“उद्याही ये,” तो काट्याकडे बघत म्हणाला. “खोड जुनी आहे. हात धरायला कुणीतरी हवं.”