शिंपीण रडते म्हणतात, तो आवाज माझा

थांबा, मला ढकलू नका. बाहेरूनच ऐका. मी गावाबाहेरच्या या जुन्या दफनभूमीचा लोखंडी दरवाजा. इथे एक बाई रडते, असं ऐकून तुम्ही आला असाल. त्या बाईला आवाज मी पुरवतो, आणि तोही माझ्या मर्जीविरुद्ध.

लोहाराने मला बसवलं तेव्हा मी एका बोटाने उघडायचो. इथे येणारी माणसं आधीच रडवेली, त्यांना दाराशी झटापट करायला लावू नये, एवढी समज त्याला होती.

पुढे रखवालदार आला. रोज सकाळी तो तेलाची बुधली घेऊन यायचा, माझ्या बिजागऱ्यांत थेंब सोडायचा, फडक्याने पुसायचा आणि विचारायचा, "काय रे, बरा आहेस ना?" घरी तो एवढंही बोलत नाही, हे त्याची बायकोच एकदा इथे येऊन सांगून गेली. मला वाटायचं, हा माणूस माझा.

गावाला मात्र या जागेची पर्वा नव्हती. कुणी कबरीवरचा सपाट दगड धुणं धुवायला उचलून न्यायचं. शेळ्यावाला तर कळप आत सोडून झाडाखाली खुशाल घोरायचा. रखवालदाराने विनवून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी हात टेकले.

मग तो तापाने अंथरुणाला खिळला आणि माझं तेल बंद झालं. बरा होऊन आला त्या दुपारी वाऱ्याने मी हललो, तेव्हा असा लांबलचक सूर निघाला की शेळ्यावाला दचकून उठला.

"कोण रडलं हे?"

"शिंपीण," रखवालदार हसू दाबत म्हणाला. "ती भिंतीकडेची. तरणीताठी गेली ना, करमत नाही तिला."

शेळ्यावाल्याची पाचावर धारण बसली. आधी शेळ्या बाहेर पडल्या की आधी तो, हे मी समोर असूनही सांगू शकत नाही.

गावात गोष्टीला तिखटमीठ लागलं. कुणाला शिलाई मशीन ऐकू आली, कुणाला तिने माप द्यायला बोलावलं. पोस्टमनला तर ती दिसलीसुद्धा. चष्मा घरी विसरला होता, तरी दिसली. नेलेले दगड लोकांनी गुपचूप भिंतीशी आणून ठेवले.

रखवालदार खूश झाला. मला वाटलं, आता तेल येईल. तो तांब्या घेऊन आला आणि माझ्या बिजागऱ्यांत त्याने मिठाचं पाणी ओतलं. "थोडं सोस," म्हणाला. केसाने गळा कापला त्याने माझा.

माझं एक वेळ सोडा, मी लोखंड. पण शिंपिणीला आई होती. दर आठवड्याला ती यायची, कबरीजवळ बसून काहीतरी टाचत लेकीशी गप्पा मारायची. गोष्ट तिच्या कानावर गेल्यावर ती आली, ती माझी कडी धरून उभीच राहिली.

"दादा, खरं सांगा. माझी लेक रडते का हो?"

रखवालदाराने तोंड उघडलं. मागे रस्त्यावर शेळ्यावाला कान टवकारून उभा होता. रखवालदार त्याच्याकडे बघून थांबला, मग म्हणाला, "येतो आवाज, मावशी."

"कधी?"

"दरवाजा उघडला की."

चटका बसावा तसा तिने कडीवरचा हात काढून घेतला.

इतकं खरं बोलून इतकं खोटं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी ओरडून तिला सांगणार होतो. पण माझ्याकडे एकच आवाज आहे, आणि तोच तर तिला ऐकवत नव्हता.

तेव्हापासून ती आत गेलेली नाही. हात मागे बांधून बाहेरच उभी राहते. तिथून कबर दिसत नाही, मध्ये झाड येतं. रखवालदार तेवढा वेळ लांब कुठेतरी गवत उपटत बसतो. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होत नाही.

भूत बघायला तुमच्यासारखे पुष्कळ येतात. येताना थेंबभर तेल कुणी आणत नाही. तुम्ही आणा. तुमचं भूत जाईल, पण ती माउली आत जाईल.

आजही ती आली होती. मी अंग आखडून धरलं होतं. तरी वारा आला आणि मी कण्हलो. ती घाईघाईने मागे सरकली आणि झाडाच्या दिशेने म्हणाली,

"मी नाही गं उघडला. मी हातसुद्धा नाही लावला."