कोरी बाटली

थोरलीला धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा, आणि तो लपवण्याइतकं कसब तिच्यात कधीच नव्हतं. पंधरा वर्षं ती प्रदूषण तपासणाऱ्या एका कंपनीत माती-पाण्याचे नमुने गोळा करत होती. धाकटीला त्याच कंपनीत तिनेच चिकटवलं, नमुना कसा घ्यायचा तेही तिनेच शिकवलं, आणि बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची तपासणी आली तेव्हा साहेबांनी प्रमुख केलं ते धाकटीला. वर विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची हे याच कामावर ठरणार होतं.

कारखान्याची जमिनीखालची थिनरची टाकी गळली होती, एवढं नक्की. प्रश्न होता, गळलेलं गेलं कुठे. धाकटी म्हणाली, भूजलाचा उतार नाल्याकडे आहे, तिकडेच गेलं असणार. थोरली म्हणाली, छे, कुंपणाकडे. कुंपणापलीकडे एक गल्ली होती, गल्लीत तीस घरं आणि सगळ्यांचा मिळून एक हातपंप. थोरली इतकी हटून बसली की नाल्याकडच्या दोन बोअरांखेरीज तिसरं बोअर कुंपणालगत घ्यावंच लागलं.

नमुने घ्यायच्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला, धाकटीला सांभाळून घे गं, केवढी जबाबदारी आहे तिच्यावर. मग कारखान्याचा व्यवस्थापक चहा घेऊन आला तो सरळ धाकटीकडे. थोरली तेव्हा जनरेटरमध्ये पेट्रोल ओतत होती. पंधरा वर्षांनंतर ही आपली जागा, असं वाटून तिचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात धाकटी जवळ येऊन काही सांगू लागली, तर थोरलीने बोअरवाल्यांच्या देखत तिला झटकलं.

"मला शिकवू नकोस. तुला चालायला मी शिकवलंय."

धाकटी मागे सरली. तिसऱ्या बोअरपाशी आल्यावर तिने फक्त एक जादा बाटली पुढे केली, म्हणाली, ताई, इथे कोरी बाटलीही भर. कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी, जागेवर आणून त्याच हातांनी बाटलीत ओतायचं. त्यात काही सापडलं तर दोष जमिनीचा नाही, नमुना घेणाऱ्याचा. थोरली बोअरवाल्यांकडे वळून म्हणाली, बघा, बाईसाहेबांना शुद्ध पाण्याचासुद्धा संशय येतो. ते हसले, आणि तिने दोन्ही बाटल्या भरल्या.

दहा दिवसांनी निकालाचं पाकीट आलं. ते तिनेच आधी फोडलं आणि सरळ तिसऱ्या बोअरचा आकडा शोधला. त्या पाण्यात थिनरमधलं रसायन सापडलं होतं, मर्यादेच्या चौपट. थोरलीला इतका आनंद झाला की ती खुर्चीत बसूनच राहिली. त्या तीस घरांची तिला आठवणसुद्धा झाली नाही. साहेबांच्या केबिनकडे निघता निघता तिने शेवटचं पान उलटलं. कोरी बाटली. त्यातही तेच रसायन, जवळजवळ तेवढंच.

हे रसायन पेट्रोलमध्येही असतं, हे तिनेच एकदा धाकटीला शिकवलं होतं. पेट्रोल ओतल्यावर तिने हातमोजे बदलले नव्हते. कामाला लागलेल्या पोरीला पहिल्या दिवशी सांगतात ती गोष्ट.

मान वर केली तर धाकटी टेबलाशी उभी होती.

"तू पाहिलं होतंस," थोरली म्हणाली.

"तेच सांगायला आले होते, ताई. पण तू ऐकेनास, आणि सगळ्यांसमोर कसं बोलू? म्हटलं, बाटली सांगेल."

चूक कुणाची हे धाकटीने साहेबांना सांगितलंच नाही. नमुने पुन्हा घ्यायचे, एवढंच लिहिलं. तो मोठेपणा थोरलीला कानाखाली बसल्यासारखा लागला. दुसऱ्या खेपेला नाल्याकडच्या बोअरमध्ये थिनर सापडलं, आणि कुंपणालगतचं बोअर अगदी स्वच्छ निघालं. खुर्ची कुणाची हे आता विचारायचीही गरज नव्हती.

गल्लीत बातमी सांगायला दोघी गेल्या. बायका दारादारांतून बाहेर आल्या, एकीने धाकटीचे हात धरले आणि ती रडायलाच लागली. दुसरीने हातपंप हापसून दोघींना पेले भरून दिले.

थोरलीने पेला आधी नाकाशी नेला. मग एक घोट घेतला. पाणी गार होतं, गोड होतं. कुठेतरी थोडा तरी वास येईल, म्हणून तिने आणखी एक घोट घेतला.