पत्ता पुसलेले कापडी पोस्टकार्ड

मित्रांनो, मी एक जुने कापडी पोस्टकार्ड आहे. माझ्या अंगावर तिकीट आहे, परंतु मी कोणाकडे निघाले होते हे आता कोणासही सांगता येत नाही.

माझा जन्म कपडे दुरुस्त करण्याच्या एका दुकानात झाला. तेथे शिवणकाम करणाऱ्या बाईंचा आपल्या धाकट्या बहिणीशी आईच्या शिलाईयंत्रावरून बेबनाव झाला होता. उभयतांत कित्येक वर्षे अबोला होता. एके दिवशी धाकटीकडून कापडाचे एक पोस्टकार्ड आले. त्यावर अर्धीच खिडकी शिवलेली होती. पाठीमागे लिहिले होते, ‘ताई, उरलेली अर्धी तू शिवून पाठव. आली तर समजेन, राग गेला. नाही आली तर पुन्हा त्रास देणार नाही.’

बाईंना असल्या कामाची सवय नव्हती. त्यांनी कडक कॅनव्हास पोस्टकार्डाच्या मापाने कापला, त्यावर आईच्या निळ्या दुलईच्या तुकड्याची उरलेली अर्धी खिडकी शिवली, पाठीस पांढरे सुती कापड लावले व कडेने दाट नागमोडी टीप घातली. तरी माझे कोपरे कानांसारखे वळलेच. शेजारी काजे करणारी मैत्रीण हसून म्हणाली, “अगं, हे पत्र आहे की तवा उचलायचं फडकं?”

“फडकं तर फडकं,” बाई म्हणाल्या, “तिचे डोळे पुसायला होईल.”

साधी शाई माझ्यावर फुटू लागली, म्हणून बाईंनी दुकानातले खुणेचे पेन घेतले. त्याच्या खुणा इस्त्री फिरताच नाहीशा होतात, हे त्या जाणून होत्या. परंतु माझी इस्त्री तर आधीच उरकली होती. त्यांनी पत्ता लिहिला व खाली लिहिले, ‘राग केव्हाच गेला. तू ये.’

मला टपालपेटीत टाकण्याचे काम दुकानातल्या इस्त्रीवाल्या काकांनी आपणहून अंगावर घेतले. माझे वळलेले कोपरे पाहून त्यांचा जीव कळवळला. “एवढ्या मायेचं पत्र, असं कसं जाऊ द्यायचं?” असे पुटपुटत त्यांनी मला चित्राच्या बाजूने ओल्या फडक्याखाली दाबले. ऊब आरपार गेली. त्यांनी मला उलटून पाहिले नाही. मायेनेच माझा घात केला.

टपाल कचेरीत कारकुनाला तिकिटाखेरीज माझी पाठ कोरी दिसली. त्याने मला खिडकीखालच्या बेवारस टपालाच्या खोक्यात टाकले.

त्याच खिडकीवर बाई येऊ लागल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून विचारीत, “माझ्या नावाचं काही आलंय का हो?” आपले पत्र पोहोचले की नाही, असे त्यांनी कधीच विचारले नाही, त्याविषयी त्यांना शंकाच नव्हती. शेवटच्या खेपेस त्या एवढेच म्हणाल्या, “असू दे. तिच्या मनातून गेलं नसेल.” त्यानंतर त्या आल्या नाहीत.

पुढे हिवाळ्यात कचेरीची काच फुटली. त्या पेनाची शाई उष्णतेने जाते, तशी कडाक्याच्या थंडीने परतते; पाणी गोठविणारी थंडी खोक्यात शिरली आणि माझ्या पाठीवर ती पुसलेली अक्षरे हळूहळू परत उमटली. पत्ता उमटला. ‘तू ये’ हेही उमटले. परंतु मी पाठ खाली करून पडले आहे आणि वर पुष्कळ टपाल साचले आहे.

मित्रांनो, बेवारस म्हणून काही टाकण्यापूर्वी ते एकवार उलटून पाहत जा; आणि थंडी पडली की, कृपा करून, आणखी एकवार.